दिवाळीच्या ऑर्डरी होळीपासून जमतात : घरगुती फराळाच्या धंद्यात माणसं कशी जोडावीत

फराळाच्या घरगुती धंद्यात वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत येतो. नवीन ओळखी करायला सगळ्यात वाईट काळही तोच. गिरणीत डब्यांची रांग, वाण्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि मदतीला येणाऱ्या बायकांना पाच घरांची बोलावणी. अशा वेळी ज्याची जुनी ओळख आहे त्याचा डबा आधी दळून मिळतो, त्याच्यासाठी डाळीचं एक पोतं बाजूला ठेवलेलं असतं. ती ओळख साधारण होळीपासून बांधायला घ्यावी लागते. म्हणून हा लेख मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिला आहे.

त्याआधी दोन गोष्टी. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापा. चौकोनातली हिरवी खूण, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख आणि घाणा क्रमांक (एका वेळी केलेल्या मालाला दिलेला क्रमांक) हेही पाकिटावर हवं. ओळखीच्या माणसाला विकतानाही यात सूट घेऊ नका, कारण ओळखीचा माणूस तुमचं पाकीट अनोळखी माणसाच्या हातात देतो आणि तिथे तुमच्या वतीने ते पाकीटच बोलतं.

वही

दुसरी गोष्ट म्हणजे दोनशे पानी जाड वही. फोनमध्ये नोंदी ठेवल्या तरी चालतं, पण तळणीच्या वेळी हात तेलकट असतात आणि फोन घरातल्या कुणाच्याही हातात असतो. वही स्वयंपाकघरातच राहते.

प्रत्येक गिऱ्हाइकाला अर्धं पान द्या. वरती नाव, पत्ता, फोन आणि कुणाच्या ओळखीने आले ते. खाली प्रत्येक खरेदीची एक ओळ: तारीख, पदार्थ, वजन, घाणा क्रमांक, दिलेले पैसे. उजवीकडे दोन बोटं जागा कोरी सोडा, तिथे माणूस काय बोललं ते लिहायचं. उदाहरणार्थ: ‘सासऱ्यांना कवळी, चकली बारीक हवी.’ ‘मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी, चिवड्यात नको.’ ‘लाडू गोड वाटले.’ ‘मुलगी पुण्यात हॉस्टेलला, दर महिन्याला डबा पाठवतात.’ वहीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. पुढच्या वेळी फोन आल्यावर तुम्ही आपणहून ‘चकली बारीकच ना?’ असं विचारलंत, की समोरच्याला दुसरीकडे जावंसं वाटत नाही. हे सगळं डोक्यात राहील असं पहिल्या वीस गिऱ्हाइकांपर्यंत वाटतं. चाळिसाव्याला शेंगदाण्याची नोंद विसरली जाते, आणि ती चूक जिवावर बेतू शकते. म्हणून ॲलर्जीची नोंद लाल शाईने लिहा.

‘कुणाच्या ओळखीने’ हा रकाना बहुतेक जण भरत नाहीत. वर्षाअखेरीस तोच वाचायचा असतो. साधारण असं दिसतं की बरीचशी नवी गिऱ्हाइकं मोजक्या चार-पाच जणांकडून आलेली आहेत. ती चार-पाच माणसं कोण हे माहीत नसेल, तर त्यांचे आभार मानायचे राहून जातात.

फाल्गुन-चैत्र : वाणी, डंखवाला, गिरणीवाला

धंदा वाढवायचा म्हटलं की सगळे गिऱ्हाइकाकडे बघतात. माल देणाऱ्याकडे बघायचं राहतं, आणि ऐन दिवाळीत घोळ होतो तो तिथेच.

उन्हाळ्यात मिरची बाजारात येते. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी चवीला. वर्षाचं तिखट आणि मसाले पावसाळ्याआधी होतात, त्यामुळे डंखावर, म्हणजे मिरची-मसाला कांडायच्या यंत्रावर, सगळ्यांची गर्दी एकाच वेळी होते. डंखवाल्याकडे पहिल्यांदा जाताना माल घेऊन जाऊ नका. दुपारी गर्दी कमी असताना जा, वर्षाला साधारण किती किलो कांडप असेल ते सांगा आणि कोणता वार, कोणती वेळ सोयीची ते त्यालाच विचारा. मग ठरल्या वेळेला, वाळवलेला आणि देठं काढलेला माल न्या. ओलसर मिरची डंखाला चिकटते, त्याचं काम वाढतं आणि तुमचं तिखट पुढे गुठळ्या धरतं. त्याचं काम सोपं करून देणारं गिऱ्हाईक तो विसरत नाही.

गिरणीचंही तसंच. चकलीची भाजणी गव्हावर दळली तर आधीच्या गव्हाचं पीठ तिच्यात येतं आणि चकली बिघडते. उपवासाच्या भाजणीत गहू आला तर गिऱ्हाइकाचा उपवासच मोडतो. म्हणून भाजणी तांदळावर दळून हवी, आणि उपवासाची भाजणी गिरणी पुसून सकाळी पहिली हवी. हे भर गर्दीत ओरडून सांगायचं नाही. एकदा निवांत बसून सांगा, कारण सांगा, आणि सकाळच्या पहिल्या दळणाचे दोन पैसे जास्त द्यायची तयारी ठेवा. तुमच्या डब्यांवर मोठ्या अक्षरात ‘तांदळावर’ असं लिहिलेली पट्टी चिकटवा. गिरणीत नवा पोऱ्या आला तरी चूक होत नाही.

वाण्याकडे पहिले तीन महिने रोख घ्या. उधारीची ऐपत दाखवण्याआधी शब्दाची ऐपत दाखवावी लागते. नंतर उधारी घेतलीत तर रक्कम कितीही छोटी असो, सांगितलेल्या तारखेला द्या. जमत नसेल तर तारखेच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा. ती तारीख उलटून गेल्यावर सांगितलेल्या कारणाला दुकानात किंमत नसते.

एकूण खरेदीतली साधारण दोन तृतीयांश एका दुकानातून आणि उरलेली दुसऱ्याकडून, असा हिशेब ठेवा. सगळं एकाकडे घेतलं तर त्याच्याकडे डाळ संपली की तुम्ही अडलात. पाच ठिकाणी घेतलं तर कुणाचंच तुम्ही नेहमीचं गिऱ्हाईक होत नाही. किलोमागे दोन रुपये वाचतात म्हणून दरवेळी दुकान बदलणाऱ्याला भाद्रपदात ‘डाळ वाढतेय, आत्ताच घेऊन ठेवा’ असा फोन येत नाही. तो एक फोन वर्षभर वाचवलेल्या दोन-दोन रुपयांपेक्षा जास्त मोलाचा असतो.

ज्येष्ठ ते श्रावण : पहिली तीस घरं

पहिल्या वर्षी शंभर गिऱ्हाइकांच्या मागे लागू नका. तीस घरं पुरेत. सोसायटी, शाळेच्या दारातली पालक मंडळी, भजनी मंडळ, माहेरची-सासरची माणसं यांतून ती निघतात. आषाढी एकादशी आणि श्रावण हा सुरुवातीला उत्तम काळ: उपवासाची भाजणी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चटणी. घाणे लहान असतात, चूक झाली तरी नुकसान थोडं.

नमुना ५० ग्रॅमचा द्या, पूर्ण लेबलसह, नीट सील केलेला. एका घरात एकच पदार्थ. पाच पदार्थांचा नमुना दिला की एकाचीही चव लक्षात राहत नाही. आणि तिसऱ्या दिवशी फोन करा.

या फोनवर काय विचारता याला फार महत्त्व आहे. ‘कसं झालं होतं?’ असं विचारलं तर आपल्याकडे उत्तर ठरलेलं: ‘छान होतं हं.’ तोंडावर नावं ठेवायची पद्धत नाही. म्हणून उत्तर देणं सोपं जाईल असं विचारा. तिखट कमी पडलं का? दुसऱ्या दिवशी कुरकुरीत राहिली का? घरात कुणी खाल्ली नाही का, आणि का नाही? चौथा प्रश्न: ‘हीच चकली घ्यायची झाली तर तुम्ही अर्धा किलो घ्याल की पाव?’ यावर जी व्यक्ती अडखळते तिला ती आवडलेली नसते. वाईट वाटून घेऊ नका, वहीत लिहा. दहापैकी चार घरांनी तिखट जास्त म्हटलं तर कृती बदला. एकाने म्हटलं तर त्याच्यापुरता वेगळा घाणा काढा किंवा नम्रपणे सांगा की एवढ्या कमी तिखटाची आपण करत नाही.

नात्यातल्या माणसांचा दर हा नाजूक विषय. आत्या, मामी, जुनी मैत्रीण ‘आपल्याच घरची’ म्हणून सूट मागतात, आणि नाही म्हणणं जड जातं. सूट दरात देऊ नका, वजनात द्या. समजा चकलीचा दर किलोला ४८० रुपये आहे आणि साहित्य, गॅस, मजुरी, पाकीट मिळून खर्च ३५० रुपये. नफा १३०. दहा टक्के सूट दिली तर ४८ रुपये गेले, म्हणजे नफ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. त्याऐवजी किलोवर ५० ग्रॅम वरती घातली तर खर्च साडेसतरा रुपये, आणि देताना हात मोकळा दिसतो. शिवाय दर एकच राहतो. एका सोसायटीत दोन दर आहेत हे चार दिवसांत सगळ्यांना कळतं, आणि पूर्ण दर दिलेलं माणूस पुन्हा येत नाही.

दुकानात माल ठेवताना

तीस घरांचं बस्तान बसल्यावर जवळच्या एका, फार तर दोन दुकानांशी बोला. सकाळी दुधाच्या आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या गर्दीत जाऊ नका. दुपारी जा. दुकानदाराला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: उरलेल्या मालाचं काय, आणि मला किती सुटतील.

पहिल्यांदा माल जांगड द्या, म्हणजे विकेल तेवढ्याचे पैसे आणि उरेल तो परत. मात्र मर्यादा घाला: २०० ग्रॅमची दहाच पाकिटं, १५ दिवसांची मुदत, दोन प्रतींत चिठ्ठी, दोघांच्या सह्या. दुकानदाराला १५ ते २० टक्के सुटतील असा भाव ठेवा आणि छापील किंमत तुमच्या घरच्या दराएवढीच ठेवा. तुम्ही घरून स्वस्त विकलंत तर दुकानदाराच्या पायाखालची जमीन तुम्हीच काढून घेतलीत असं होईल.

चौथ्या दिवशी जाऊन फक्त पाकिटं कुठे ठेवली आहेत ते बघा. उन्हात काचेच्या बरणीशेजारी लावली असतील तर तेल खवट होईल, हे शांतपणे सांगा आणि स्वतः हलवून द्या. मुदत संपत आलेली पाकिटं दुकानदाराने सांगण्याआधी उचलून आणा. दोनदा सगळी पाकिटं विकली गेली की जांगड थांबवून रोखीवर या. तिसऱ्यांदाही जांगडच द्या म्हणणाऱ्या दुकानदाराकडे तुमचे पैसे पुढे अडकतात, असं समजून माल कमी करा.

मोठ्या दुकानांच्या किंवा कंपन्यांच्या दिवाळी भेटीच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिराला रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. गल्लीतल्या वाण्याला हे ऐकवायचं कारण नाही. कंपनीच्या बिलावर मात्र उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापलेली असू द्या, म्हणजे पुढे कडू बोलायची वेळ येत नाही.

तक्रार आली तर

ती येणारच. चकली मऊ पडली, शेवेला खवट वास आला, लाडवाचं बेसन कच्चं लागलं. तक्रार करणारं माणूस तुमच्यावर उपकार करत असतं, कारण बाकीचे न बोलता दुसरीकडे जातात.

फोनवर पूर्ण ऐकून घ्या. ‘बाकी कुणाची तक्रार नाही’ हे वाक्य कितीही ओठांवर आलं तरी बोलू नका. खरं असलं तरी त्याचा अर्थ समोरच्याला ‘तुम्ही खोटं बोलता’ असाच ऐकू जातो. पाकिटावरचा घाणा क्रमांक विचारा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी बदलून द्या. जुनं पाकीट परत आणा. गिऱ्हाइकावर अविश्वास म्हणून नव्हे, तर स्वतः चाखून कारण शोधायला.

कारणं बहुधा ठरलेली असतात. चकली गरम असतानाच पाकिटात भरली की वाफ आत धरते आणि दोन दिवसांत ती मऊ पडते. तळल्यावर पूर्ण गार व्हायला दोन-तीन तास द्या, आणि पावसाळी हवेत उघडी ठेवण्याऐवजी गार होताच बंद करा. आच फार मोठी असली तर बाहेरून रंग येतो, आत ओल राहते. खवट वास बहुधा पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाचा असतो, किंवा पातळ पिशवीतून हवा लागल्याचा.

कारण सापडलं की त्याच घाण्यातला माल आणखी कुणाकडे गेला ते वहीतून काढा आणि त्यांनी तक्रार करण्याआधी तुम्ही फोन करा: ‘त्या दिवशीची चकली मऊ पडल्याचं कळलं, तुमच्याकडची कशी आहे? बदलून देते.’ पाच किलोच्या घाण्यात यात हजार-दीड हजार रुपये जाऊ शकतात. ते जाऊ द्या. असा फोन आलेलं घर पुढची अनेक वर्षं तुमचं राहतं, आणि ती हकीकत चार ठिकाणी सांगतं. तुमच्या कोणत्याही जाहिरातीवर लोक इतका विश्वास ठेवणार नाहीत.

भाद्रपद : मदतीचे हात

लिज्जत पापड १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला. त्या संस्थेत पापड लाटणाऱ्या बायका एकमेकींना बहीण म्हणतात आणि संस्थेच्या त्या मालकही असतात. एवढं सगळं प्रत्येक घरगुती धंद्यात जमणार नाही. पण काम करणारीचा धंद्यात मान असला की माल टिकतो, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

मदतीला येणाऱ्या बायकांशी गणपतीनंतर लगेच बोला आणि दिवस, वेळ, किलोमागे मजुरी असं सगळं ठरवून वहीत त्यांच्यासमोर लिहा. मजुरी रोज संध्याकाळी द्या. ‘शेवटी एकदम देऊ’ म्हटलं की मध्येच कुणीतरी जास्त देणारं घर गाठतं, आणि त्यात तिची चूक नसते. दुपारचं जेवण तुमच्याकडे, आणि तुम्ही जेवता तेच. पहिल्या दिवशी जळलेल्या घाण्याचे पैसे कापू नका, आच समजायला एक दिवस जातो. सगळ्यात महत्त्वाचं: धनत्रयोदशीनंतर त्यांना अडकवू नका. त्यांच्याही घरी दिवाळी असते, त्यांचीही पोरं फराळाची वाट बघतात. शेवटच्या ऑर्डरीची तारीख त्या हिशेबाने आधी बांधा, आणि जाताना प्रत्येकीला विकायच्या पाकिटातला, लेबल लावलेला फराळ द्या. मोडका-तुटका बाजूला काढून दिलेला फराळ घेताना कुणी बोलत नाही, पण पुढच्या वर्षी ती येत नाही.

शेजारची फराळवाली

तुमच्या भागात आणखी दोघी-तिघी हाच धंदा करत असतील. त्यांच्याशी श्रावणातच ओळख करून घ्या. ऑर्डर झेपत नाही तेव्हा ती कुठे पाठवायची, सोऱ्या मोडला तर कुणाकडे मागायचा, डाळ एकत्र पोत्याने घेतली तर किती वाचतं, हे सगळं त्यांच्याकडूनच होणार आहे. तीन गोष्टी आधी बोलून घ्या: तुम्ही पाठवलेलं गिऱ्हाईक पुढे कुणाचं, पाठवल्याबद्दल पैसे घ्यायचे की नाही (न घेणं बरं, परतफेड ऑर्डरीने होते), आणि दर पाडायचा नाही. अनारसे तुमच्याकडे नीट जाळी धरत नसतील आणि तिच्याकडे उत्तम होत असतील, तर तिचं नाव सांगून तिचेच घ्या. स्वतःचे म्हणून विकू नका.

बचत गट, सॅटर्डे क्लबसारख्या मराठी उद्योजकांच्या संस्था, पुण्याची भीमथडी किंवा मुंबईचं महालक्ष्मी सरस अशी प्रदर्शनं, इथेही जावं. मात्र पहिल्या खेपेला विकायला बसण्याऐवजी फिरून बघा, पाकिटं आणि दर टिपून घ्या, आणि दोन जणींशी सविस्तर बोला. पन्नास कार्डं गोळा करून घरी आणली तर त्यातल्या कुणाचाही चेहरा आठवत नाही.

फोनवरचे निरोप

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच पोचतो. म्हणून माल देताना ‘नंबर सेव्ह कराल का?’ असं विचारूनच पाठवायला लागा. न विचारता ग्रुपमध्ये कुणालाही घालू नका, आपला नंबर तिथे सगळ्यांना दिसतो आणि माणसं चिडतात. धंद्याच्या नंबरवरून सुप्रभात, सुविचार, राजकारण काहीही पाठवू नये. महिन्याला दोन निरोप पुरे. दिवाळीचं दरपत्रक घटस्थापनेच्या आसपास, आणि परगावी-परदेशी फराळ पाठवणाऱ्यांना त्याच्याही पंधरा दिवस आधी, कारण पार्सलला वेळ लागतो आणि त्या देशाचे नियम पोस्टात किंवा कुरिअरवाल्याकडे दरवर्षी नव्याने विचारावे लागतात.

हळदीकुंकू, तिळगूळ, दसऱ्याचं सोनं या निमित्ताने वाणी, गिरणीवाला, दुकानदार, गिऱ्हाइकं सगळ्यांकडे जरूर जा. त्या दिवशी दरपत्रक नेऊ नका. तुमच्या घरी हळदीकुंकू असेल तर विधवा बायकांनाही तेवढ्याच मानाने बोलवा. त्यांच्यातल्या कितीतरी जणी तुमच्या गिऱ्हाईक असतात, आणि दारात उभं राहून पाकीट घेऊन जाताना त्यांना आतली लगबग दिसत असते.

भाऊबीज ते तुळशीचं लग्न

भाऊबीज झाल्यावर दोन दिवस झोप काढा. मग तुळशीच्या लग्नाआधी ही कामं उरका. वाणी, गिरणी, डंख यांची बाकी पै-पैशाने चुकती करा. शेजारणीकडून आणलेला सोऱ्या, झारे, कढया घासून आणि आत थोडा फराळ घालून परत द्या. वहीतला ‘कुणाच्या ओळखीने’ रकाना वाचून त्या चार-पाच जणांकडे स्वतः जा, अर्धा किलोचं पाकीट द्या आणि ‘तुमच्यामुळे एवढी घरं आली’ असा आकडा सांगा. शेवटी, गेल्या वर्षी घेतलं होतं पण यंदा घेतलं नाही अशांची यादी काढा. त्यांना विक्रीसाठी फोन करायचा नाही, फक्त विचारपूस करायची. कुणाच्या घरी सुतक असतं, कुणी गाव बदललेलं असतं, आणि कुणाला गेल्या वर्षीचे लाडू आवडलेले नसतात. जे कळेल ते त्याच दिवशी उजवीकडच्या कोऱ्या जागेत लिहा.